सोलोन्यमधली वहिवाट

पॅरिसच्या दक्षिणेला ऑर्लेआं शहर ओलांडले की ल्वार आणि शेर या नद्यांच्या मध्ये सोलोन्य नावाचा सपाट मुलूख लागतो. सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचा. ओक, बर्च आणि पाइनची जंगले, लाल विटांची छोटी गावे आणि जवळपास तीन हजार तळी. पायी हिंडायला याहून चांगली जागा कुठली, असे नकाशा पाहून कुणालाही वाटेल. पण इथे पायवाट राखणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची झुंज आहे, आणि तिची मुळे या तळ्यांपर्यंत जातात.

तळी नैसर्गिक नाहीत. इथली जमीन वाळू आणि चिकणमातीची. पाणी धड मुरत नाही, धड वाहूनही जात नाही. मध्ययुगात मठांनी आणि जमीनदारांनी बांध घालून ते अडवले आणि त्यात कार्प मासे सोडले. ख्रिस्ती उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य, मासे मात्र चालत. त्यामुळे मागणी कायम होती. बांधाच्या पोटात पाणी सोडायचे दार असते, त्याला ‘बोंद’ म्हणतात. थंडीच्या दिवसांत ते उघडले की पाणी सावकाश खालच्या तळ्याकडे निघते, मासे बांधाजवळच्या खोलगट भागात गोळा होतात आणि माणसे चिखलात उतरून जाळी ओढतात. आजही मासेमारी अशीच होते. दलदलीच्या या प्रदेशात बांध म्हणजे कोरडी, उंच जमीन. माणसे आणि गाड्या साहजिकच त्यावरून जाऊ लागल्या. आज चालणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाणी दिसते, त्या वाटेचे मूळ बरेचदा असा एखादा बांध असतो.

साचलेल्या पाण्याने हिवतापही आणला. सँ-व्हियात्र या गावाचे जुने नाव ‘त्रांब्लव्हिफ’. फ्रेंचमध्ये ‘त्रांब्ले’ म्हणजे थरथरणे. नावाचा उगम काहीही असो, तापाने कापणारे लोक इथल्या संताला नवस बोलायला येत, आणि एकोणिसाव्या शतकात गावाला त्या संताचेच नाव मिळाले. क्रांतीच्या काळात, १७९३ साली, तळी उपसून टाकण्याचा कायदाही झाला. सोलोन्यची तळी त्यातून बरीचशी वाचली, पण गरिबी आणि ताप हटले नाहीत.

बदल घडला तो तिसऱ्या नेपोलियनच्या काळात. त्याने १८५२ मध्ये लामोत-बव्हरों इथली जहागीर विकत घेतली आणि सोलोन्य सुधारायचे मनावर घेतले. पाण्याचा निचरा, नापीक जमिनीत घालायला चुनखडीयुक्त माती आणणारा सोल्द्र कालवा, आणि पाइनची प्रचंड लागवड. पॅरिसकडची रेल्वे त्याआधीच, १८४७ मध्ये, पोहोचली होती. १८७९-८० च्या कडाक्याच्या थंडीत समुद्रकाठच्या जातीचे पाइन मेले, तेव्हा थंडी सोसणाऱ्या दुसऱ्या जातीचे लावले गेले. ताप ओसरला, जंगल वाढले आणि जंगलाबरोबर शिकार आली. आगगाडीने काही तासांत येता येते म्हटल्यावर पॅरिसच्या श्रीमंतांनी जमिनी घेतल्या, विटांचे वाडे बांधले. शेतकऱ्याची गाडीवाट शिकारमालकाच्या हद्दीतून जाऊ लागली, आणि हद्दीवर ‘खाजगी मालमत्ता’ अशी पाटी लागली. मला सोलोन्यच्या इतिहासातला कळीचा क्षण हाच वाटतो.

निव्वळ आनंदासाठी चालण्याची कल्पना मात्र दुसरीकडून आली. फोंतेनब्लोच्या जंगलात देनकूर नावाच्या निवृत्त सैनिकाने १८४२ पासून वाटा आखल्या आणि निळ्या खुणा रंगवल्या. आल्सास जर्मनीच्या ताब्यात असताना, १८७२ मध्ये, व्होज डोंगरांत पहिली मोठी पदभ्रमण संस्था निघाली. पण सामान्य कामगाराला वेळ मिळाला तो १९३६ साली, जेव्हा फ्रान्सने दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने दिली. झाँ ल्वाझो हा बँक ऑफ फ्रान्समधला वास्तुरचनाकार तेव्हा देशभर चालणाऱ्यांचे लांब पल्ल्याचे मार्ग असावेत म्हणून खटपट करत होता. मध्ये युद्ध आले. अखेर ऑगस्ट १९४७ मध्ये, आपल्याकडे स्वातंत्र्य आले त्याच महिन्यात, ल्वारकाठी ऑर्लेआं ते बोजांसी हा पहिला टप्पा खुला झाला: ‘जे-एर ३’ (‘जे-एर’ म्हणजे ‘ग्रांद रांदोने’, लांब पल्ल्याची पायवाट). म्हणजे फ्रान्सच्या लांब पल्ल्याच्या पायवाटांचा जन्म सोलोन्यच्या उंबरठ्यावर झाला.

त्या वाटेची खूण आजही तीच आहे. झाडावर, दगडावर किंवा खांबावर दोन आडव्या पट्ट्या, वर पांढरी, खाली लाल. फुली म्हणजे चुकीची वाट. गावाभोवतीच्या छोट्या फेऱ्यांना पिवळी पट्टी. हे रंगकाम स्वयंसेवक करतात: आधी ब्रशने साल आणि शेवाळ हलकेच घासायचे, मग रंग. फांद्या वाढतात, झाडे पडतात, रंग उडतो, म्हणून पुन्हा पुन्हा यावे लागते. देशभरातल्या पावणेदोन लाख किलोमीटरहून अधिक वाटा अशा हातांवर उभ्या आहेत. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

रंगाइतकाच कायदाही महत्त्वाचा. जिला आपण पाणंद म्हणू, ती ‘शमँ र्‍युराल’ ही गावाच्या, म्हणजे कम्यूनच्या मालकीची असते. पण ती सार्वजनिक रस्त्यांइतकी सुरक्षित नाही. लोकांचा वापर थांबला, तर चौकशीची प्रक्रिया पार पाडून कम्यून ती विकू शकते. तीस वर्षे कुणी बिनविरोध बळकावून बसला, तर तो मालकी सांगू शकतो. उलट लोक तिच्यावरून जात असतील, तर ती सार्वजनिक वापराची आहे असे कायदा गृहीत धरतो. वहिवाट हाच पुरावा! १९८३ च्या कायद्याने जिल्ह्यांना पायवाटांच्या याद्या करायला लावले. यादीतली वाट विकायची तर पर्यायी वाट द्यावी लागते. २०२२ पासून कम्यूनला आपल्या पाणंदींची मोजदाद करता येते आणि तेवढा काळ ती तीस वर्षांची मुदत थांबते.

दरम्यान पाट्यांच्या जागी जाळ्या आल्या होत्या. गेल्या काही दशकांत शिकारमालकांनी सोलोन्यमध्ये हजारो किलोमीटर उंच तारेचे कुंपण घातले. आत रानडुकरे कोंडली, बाहेरच्या हरणांचे रस्ते तुटले, आग लागली तर अग्निशामक दलालाही आत शिरणे अवघड झाले. दोन्ही बाजूंना जाळी असलेल्या वाटेवर चालणे म्हणजे बोळातून चालणे. गावकऱ्यांनी आणि पदभ्रमण करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. लोआरे जिल्ह्याचे सिनेटर झाँ-नोएल कार्दू यांनी विधेयक मांडले आणि २ फेब्रुवारी २०२३ रोजी कायदा झाला: जंगल आणि मोकळ्या निसर्गातले कुंपण जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर असावे आणि १.२० मीटरपेक्षा उंच नसावे. तीस वर्षांहून जुनी कुंपणे यातून सुटली.

मालकांनी त्याची किंमत वसूल केली. हद्द दाखवलेल्या खाजगी रानात शिरणे हा याच कायद्याने दंडनीय गुन्हा ठरला. ठरावीक दंड १३५ युरो. म्हणजे प्राणी मोकळे झाले, माणसाची वाट मात्र पट्टीपुरतीच उरली, आणि त्यामुळे एकेका पाणंदीचे मोल वाढले. जुन्या जाळ्या उतरवायला मालकांना १ जानेवारी २०२७ पर्यंतची मुदत मिळाली.