सूर्यचौकातला पेपेमामा

माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात उभं राहून मान वर केली की ११ नंबरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाटली दिसते. बाटलीच्या अंगात लाल जाकीट, डोक्यावर रुंद काठाची लाल हॅट, बाजूला गिटार. सोबत मोठ्या अक्षरांत नाव: तीओ पेपे. शेरी या स्पॅनिश वाइनची ही जाहिरात. खाली चौकात कार्लोस तिसऱ्याचा अश्वारूढ पुतळा आहे, स्पेनचे रस्ते जिथून मोजतात तो शून्य किलोमीटरचा दगड आहे, अस्वल-आणि-झाडाचं शिल्प आहे. तरी फोटोत बाटली हटकून येते, आणि फोटो काढणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ती दारू कधी चाखलेलीही नसते.

‘तीओ’ म्हणजे काका की मामा? स्पॅनिशला दोघांसाठी एकच शब्द पुरतो, पण मराठी माणसाला हे विचारल्याशिवाय राहवत नाही. उत्तर आडनावात सापडतं. १८३५ मध्ये दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातल्या हेरेझ गावी मान्वेल मारिया गोन्झालेझ आंखेल याने शेरीचा धंदा सुरू केला. स्पॅनिश नावात आधी वडिलांचं आडनाव येतं, मग आईचं. त्याला वाइनमधलं शिकवणारा नातलग होता होसे आंखेल, म्हणजे आईकडचा. ‘पेपे’ हे होसेचं घरगुती रूप. तेव्हा गच्चीवर आहे तो पेपेमामाच! या मामाला आवडणारी फिकट, कोरडी शेरी पिंपांमध्ये वेगळी ठेवली जाई आणि तिला त्याचंच नाव पडलं. पुढे १८५५ मध्ये रॉबर्ट ब्लेक बायस हा इंग्लंडमधला एजंट भागीदार झाला आणि कंपनी गोन्झालेझ बायस या नावाने ओळखली जाऊ लागली.

बाटलीला कपडे चढवले ते बऱ्याच नंतर. १९३५ मध्ये कंपनीची जाहिरात सांभाळणाऱ्या लुईस पेरेझ सोलेरोने तिला आंदालुसियाच्या जत्रेत शोभेल असा पोशाख दिला. जोडीला ओळ होती, ‘बाटलीत भरलेलं आंदालुसियाचं ऊन’. स्पॅनिशमध्ये ऊन आणि सूर्य या दोन्हींना ‘सोल’च म्हणतात आणि पुएर्ता देल सोल म्हणजे सूर्याचा दरवाजा. दक्षिणेचं ऊन विकायला राजधानीत याहून चपखल जागा मिळाली नसती. आल्काला आणि कारेरा दे सान हेरोनिमो हे रस्ते चौकाला मिळतात त्या कोपऱ्यावर, १ नंबरच्या इमारतीत तेव्हा हॉटेल पारीस होतं. त्याच्या डोक्यावर निऑनच्या नळ्यांची जाहिरात उभी राहिली. जुलै १९३६ मध्ये यादवी पेटली आणि नोव्हेंबरपासून माद्रिदला वेढा पडला, तो १९३९ च्या मार्चपर्यंत. उजेडाच्या जाहिरातीला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

निऑनची नळीही त्या काळी तशी नवलाईचीच होती. वायू सापडला १८९८ मध्ये. रॅमसे आणि ट्रॅव्हर्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी हवा थंड करून द्रवरूप केली, तिच्यातून तो वेगळा काढला आणि ‘नवा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं. फ्रान्समध्ये जॉर्ज क्लोद याच्या हवा द्रवरूप करण्याच्या उद्योगात हा वायू उपउत्पादन म्हणून उरायचा. त्याने तो नळीत भरून १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पेटवून दाखवला. काचेची नळी आचेवर मऊ करून हाताने वाकवायची, दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड बसवायचे, आतली हवा ओढून घेऊन थोडासा वायू भरायचा आणि हजारो व्होल्टचा दाब द्यायचा. निव्वळ निऑनचा उजेड नारिंगी-लाल पडतो. निळ्यासाठी आर्गॉन आणि पारा लागतो. अशा फलकाजवळ जायला मिळालं, तर अक्षरांच्या मधले काळे तुकडे बघावेत. पेन न उचलता लिहावं तशी एकच नळी फिरत जाते आणि जो भाग दिसायला नको त्यावर काळा रंग फासतात.

पुढची कित्येक वर्षं बाटली जागची हलली नाही. समोरच्या कासा दे कोर्रेओस या इमारतीत हुकूमशहा फ्रँकोच्या काळात सुरक्षा खात्याचं मुख्यालय आणि कोठड्या होत्या. त्याच इमारतीच्या घड्याळाच्या बारा ठोक्यांवर ३१ डिसेंबरच्या रात्री बारा द्राक्षं खायला लोक जमायचे, आजही जमतात. अशा चौकात इतकी वर्षं काढली की जाहिरात कसली आहे हे लोक विसरतात. कायद्यालाही ते मान्य करावं लागलं. हमरस्त्यांकडेच्या जाहिरातींवर बंदी आली तेव्हा ओसबोर्न या दारूच्या कंपनीचे बैलाच्या आकाराचे मोठे काळे जाहिरात-फलक स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये वाचवले, कारण ते आता देखाव्याचा भाग झाले होते. माद्रिदने २००९ मध्ये जाहिरातींचे नियम कडक केले, त्यातून तीओ पेपे आणि ग्रान व्हिया रस्त्यावरचा श्वेप्स या पेयाचा फलक यांना सूट मिळाली.

पण सूट मिळाली ती जाहिरातीला, तिच्या पायाखालच्या गच्चीचा हक्क काही मिळाला नाही. माझ्या मते गोम इथे आहे. शहराने जिला आपली म्हटलं ती वस्तू शेवटी दुसऱ्याच्या माळ्यावरची भाडेकरूच. हॉटेल बंद पडलं, इमारतीचं नूतनीकरण निघालं आणि २०११ मध्ये बाटली सुटी करून खाली उतरवली. काम संपल्यावर तिथे ॲपलचं दुकान येणार होतं आणि बाटली काही परत चढणार नव्हती. हे कळल्यावर ओरड झाली, इंटरनेटवर सह्यांची मोहीम निघाली. याच सुमारास, २०१३ मध्ये, चौकाखालच्या मेट्रो स्टेशनचं नाव पैसे घेऊन ‘व्होडाफोन सोल’ केलं गेलं. १९१९ मध्ये सुरू झालेल्या माद्रिदच्या पहिल्या मेट्रो मार्गाचं एक टोक म्हणजे हे स्टेशन. करार तीन वर्षांत संपला आणि नाव पुन्हा नुसतं ‘सोल’ झालं. म्हणजे जाहिरात म्हटली की माद्रिदकर लगेच गळ्यात घालतात, असंही नाही.

अखेर २०१४ मध्ये डागडुजी होऊन पेपेमामा परतला, पण जुन्या कोपऱ्यावर नाही, ११ नंबरच्या गच्चीवर. पाहायला जायचं तर दिवेलागणीला जावं. आभाळात थोडा निळा रंग उरलेला असताना बाटलीची कड नीट दिसते, काळोख पडला की नुसती अक्षरं डोळ्यांत भरतात. या स्थलांतराचा एक फायदाही झालाय. चौकाचा रंगीत फोटो हाती आला की आधी गच्च्या तपासायच्या. बाटली आल्कालाच्या कोपऱ्यावर असेल तर फोटो २०११ च्या आधीचा, ११ नंबरवर असेल तर २०१४ नंतरचा. आणि सगळ्या गच्च्या दिसत असूनही ती कुठेच नसेल, तर बहुधा मधल्या तीन वर्षांतला.