सुटकेनंतर दार उघडणाऱ्या बायका : महाराष्ट्रातील एका कामाची पार्श्वभूमी

पीटा कायद्याखाली, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली, कुंटणखान्यावर छापा पडला की बातमी होते ती पोलिसांची. किती स्त्रियांची सुटका झाली आणि किती दलालांना अटक झाली, हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापून येते. वैद्यकीय तपासणी होऊन त्या स्त्रियांना न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जाते, तिथून त्यांची रवानगी संरक्षणगृहात होते आणि वर्तमानपत्रापुरता विषय संपतो. नेमक्या त्याच क्षणी ज्यांचे काम सुरू होते त्या अधीक्षिका, गृहमाता, समुपदेशक, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) आणि रात्रपाळीच्या काळजीवाहक यांच्याविषयी क्वचितच कोणी लिहिते. त्यांच्या कामात एक अवघड गाठ आहे. ज्या बाईच्या कमरेला दाराची किल्ली असते, तिच्यावरच आत आलेल्या स्त्रीने विश्वास टाकावा अशी अपेक्षा असते. ही गाठ कोणा एका कर्मचाऱ्याच्या स्वभावातून आलेली नाही. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

इंग्रजी राज्यात या स्त्रियांकडे सरकारचे लक्ष प्रथम गेले ते त्यांच्या काळजीपोटी नव्हे. 1868 च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली आणि रोग आढळलेल्या स्त्रियांना ‘लॉक हॉस्पिटल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयांत डांबून ठेवले जाऊ लागले. गोऱ्या सैनिकांना लागण होऊ नये, हा त्यामागचा मुख्य हेतू होता. या रुग्णालयांत मॅट्रन आणि दाया नेमलेल्या असत आणि तपासणीला मदत करणे व बाई पळून जाणार नाही हे पाहणे, हे त्यांचे काम असे. टीकेमुळे हा कायदा 1888 साली रद्द झाला, परंतु अशा स्त्रीला आधी कोंडायचे आणि मग तिचे काय करायचे ते ठरवायचे, ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही.

याच काळात महाराष्ट्रात निराळ्या वृत्तीचे कामही उभे राहत होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे गुपचूप येऊन बाळंत होण्याची मुभा होती आणि बाळंतपणाची सारी उस्तवार सावित्रीबाई स्वतः करीत. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढे ते पुण्यात आले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा मदतछावण्यांमधून तरुण मुलींना हेरणारे लोक त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि शेकडो मुली-स्त्रिया त्या आपल्याबरोबर घेऊन आल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमात ‘कृपा सदन’ हा वेगळा विभाग होता, तो समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी. रमाबाईंच्या धर्मांतरामुळे या कामावर झालेला वाद सर्वपरिचित आहे. मला इथे महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. आश्रयाला आलेल्या मुली शिकून त्याच संस्थेत शिक्षिका झाल्या, धाकट्या मुलींचे गट सांभाळू लागल्या. हिंगण्याला कर्व्यांच्या आश्रमातही पार्वतीबाई आठवले विधवा म्हणून शिकायला आल्या आणि पुढे संस्थेचा भार वाहणाऱ्या झाल्या. जी आत आली तीच पुढे दार उघडणारी झाली, हा या कामातला सर्वांत जुना आणि, माझ्या मते, सर्वांत भरवशाचा प्रवाह आहे. तो मध्येच कसा आटला, हे पुढे दिसेल.

1917 साली मुंबईत डंकन रोडवरच्या कुंटणखान्यात अक्कूताई नावाच्या स्त्रीचा अनन्वित छळ होऊन मृत्यू झाला. खटला गाजला, आरोपींना शिक्षा झाल्या, आणि शहराला आपल्या मध्यवस्तीत काय चालते याची चर्चा करणे भाग पडले. 1921 साली सरकारने या प्रश्नावर समिती नेमली आणि 1923 साली मुंबई इलाख्यात वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला. कायद्याचा रोख दलालांवर होता. बाहेर काढलेल्या स्त्रियांना ठेवण्याचे काम मात्र मिशनरी आणि धर्मादाय संस्थांवर सोपवले गेले. तिथे काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया सुस्थितीतील घरांमधल्या होत्या, त्यांचा हेतू निर्मळ होता, पण त्यांची भाषा उद्धाराची होती. शिवणकाम, प्रार्थना, ठरलेल्या वेळी झोप आणि अखेर लग्न, अशी चौकट होती. स्त्रीवर काय गुजरले हे ऐकून घेण्याची पद्धत कोणाला शिकवलेलीच नव्हती.

ती शिकवण्याची सुरुवात मुंबईतल्या कामाठीपुरा या वेश्यावस्तीला लागून असलेल्या नागपाड्यात झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी 1920 च्या दशकात तिथे ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ उभारले आणि दाट वस्तीत राहून काम करताना त्यांना जाणवले की सदिच्छेला प्रशिक्षणाची जोड हवी. 1936 साली त्याच वास्तूत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. पगारी, शिकलेला समाजसेवक ही कल्पना आपल्याकडे रुजली ती अशा वस्तीच्या उंबऱ्यावर, ही गोष्ट समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनाही आवर्जून सांगावी लागते.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदाने माणसांच्या अपव्यापाराला बंदी केली. भारताने 1950 साली संयुक्त राष्ट्रांच्या तस्करीविरोधी करारावर सही केली, केंद्रीय समाजकल्याण मंडळाने धन्वंती रामा राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि अखेर 1956 चा कायदा 1 मे 1958 पासून लागू झाला. आज ज्याला बोलीत ‘पीटा’ म्हणतात तो याच कायद्याचा 1986 साली सुधारलेला अवतार. या कायद्याने संरक्षणगृहे आली, महाराष्ट्रात शासकीय राज्यगृहांची व्यवस्था आली आणि पहिल्यांदाच या कामाला सरकारी पदे मिळाली. पण पदांबरोबर आलेली कर्तव्ये पाहा. कलम 17 प्रमाणे दंडाधिकारी स्त्रीचे वय, तिचे चारित्र्य आणि पूर्वेतिहास तपासतात, तिचे आईवडील, पालक किंवा नवरा तिला ताब्यात घेण्यास योग्य आहेत का हे पाहतात आणि ही चौकशी परिविक्षा अधिकाऱ्याकडे सोपवू शकतात. चौकशीअंती तिला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देता येतो. दंडाधिकाऱ्यांना साहाय्य करण्यासाठी पाच जणांचे मंडळ बोलावता येते आणि त्यांत शक्यतो तीन स्त्रिया असाव्यात, असेही कायदा म्हणतो. या साऱ्या तपशिलात एका प्रश्नाला जागा नाही: बाई, तुमची स्वतःची इच्छा काय आहे? गुन्हेगारांसाठी असलेल्या परिविक्षेच्या व्यवस्थेतला अधिकारीच पीडितेची चौकशी करणार, म्हणजे दोघींची पहिली भेट संशयाच्या सावलीत होणार, हे ओघानेच आले. अधीक्षिकेचीही तीच गत. मुलगी पळाली तर खुलासा तिला द्यावा लागे, मुलगी वर्षभर कोणाशी बोलली नाही तर कोणी काही विचारत नसे. साहजिकच कुलूप मोठे झाले.

1980 च्या दशकात यात फरक पडू लागला, आणि तो सरकारी गृहांबाहेर पडला. टाटा संस्थेत शिकलेल्या प्रीती पाटकर यांनी प्रवीण पाटकर यांच्यासह 1986 साली कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ ही संस्था सुरू केली. आई धंद्यावर असते त्या वेळेत मुलाला सुरक्षित ठेवणारे रात्रीचे केंद्र ही साधी वाटणारी कल्पना होती, पण तिच्यामुळे कार्यकर्ती वस्तीत रोज दिसू लागली. आया आपली मुले तिच्याकडे सोपवू लागल्या. छाप्याच्या दिवशी प्रथमच भेटणारी बाई आणि मुलाला रोज रात्री जेवू घालणारी बाई, यांच्यातले अंतर किती असते हे सांगायला नको.

मग 1996 चा फेब्रुवारी उजाडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पोलिसांनी कामाठीपुरा आणि आसपासच्या भागात छापे घालून चारशेहून अधिक मुली-स्त्रियांना बाहेर काढले. त्यांतल्या जवळपास निम्म्या नेपाळच्या होत्या. इतक्या जणींना एकाच वेळी ठेवण्याची तयारी कोणाचीच नव्हती. त्यांना निरनिराळ्या सरकारी गृहांत वाटून टाकले गेले. तिथे आधीच गर्दी होती, नेपाळी समजणारे कोणी नव्हते आणि एचआयव्हीची तपासणी संमतीचा विचार न करता झाली. गृहातली कर्मचारी बाई त्या मुलीला विचारणार काय आणि तिला सांगणार काय? कित्येक मुलींना आपण आरोपी आहोत की साक्षीदार, हेही ठाऊक नव्हते. नेपाळ सरकार त्यांना परत घेण्याबाबत काचकूच करत राहिले, महिन्यांमागून महिने गेले, आणि शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला तेव्हा सव्वाशेच्या आसपास मुली मायदेशी पोहोचल्या. अनुराधा कोइराला यांनी 1993 साली स्थापन केलेली ‘माइती नेपाल’ त्या संस्थांपैकी एक.

त्या परतलेल्या मुलींपैकी काही जणींनी त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ ही स्वतःची संघटना उभी केली. तस्करीतून वाचलेल्या स्त्रियांनीच स्थापन केलेली आणि चालवलेली ही संघटना निवारागृह चालवते, समुपदेशन करते, गावोगाव मुलींशी बोलते. 2013 साली तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईच्या गृहांत ज्यांना बोलायला भाषेचे माणूस मिळाले नाही, त्याच पुढे दुसऱ्या मुलींसाठी ते माणूस झाल्या. केडगावात आणि हिंगण्यात दिसलेला जुना प्रवाह असा काठमांडूत पुन्हा वाहू लागला. महाराष्ट्रात त्याला अडवतात आपल्या नोकरभरतीच्या अटी. पदवीची अट ज्या पदाला आहे तिथे जिचे शिक्षणच दलालाने तोडले ती कशी पोहोचणार?

1996 मधून धडा घेतला गेला, पण हळूहळू. 2002 साली प्रेरणाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कुंटणखान्यातून सोडवलेली अल्पवयीन मुलगी ही काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आहे, परिविक्षा अधिकाऱ्याच्या चौकशीवाचून तिला सोडता येणार नाही, आणि कुंटणखाना चालवणाऱ्याचा वकील त्याच प्रकरणात तिच्या वतीने उभा राहू शकणार नाही. गृहात काम करणाऱ्यांना या निर्णयाचा अर्थ नीट कळतो. ‘काका’, ‘मावशी’, ‘नवरा’ म्हणून दारात उभे राहणारे माणूस अनेकदा तिला विकणारेच असते किंवा त्याने पाठवलेले असते. गृहचौकशीसाठी गावी गेलेल्या समाजसेविकेला कागद पाहून भागत नाही. तिला शेजाऱ्यांशी बोलावे लागते, शाळेत विचारावे लागते, आणि मुलगी कुठे होती हे गावाला न कळू देता हे सारे करावे लागते. एक शब्द अधिक निसटला, तर त्या मुलीचे परतणे कायमचे बंद होते.

केंद्र सरकारने डिसेंबर 2007 मध्ये ‘उज्ज्वला’ योजना आणली आणि प्रतिबंध, सुटका, पुनर्वसन, कुटुंबात पुनर्स्थापना व मायदेशी पाठवणी ही कामाची अंगे प्रथमच एकत्र मांडली. समुपदेशक, समाजसेविका, पहारेकरी अशी पदे अनुदानात धरली गेली, पण ती मानधनाची. अनुदान लांबले की मानधन लांबते, मानधन लांबले की कर्मचारी सोडून जातात, आणि सहा महिन्यांनी कशीबशी बोलू लागलेली मुलगी नव्या माणसापुढे पुन्हा गप्प होते. बांगलादेशातील स्त्रियांच्या बाबतीत तर राष्ट्रीयत्वाची पडताळणी आणि प्रवासपरवाना यांत काळ जातो. दोन्ही देशांनी 2015 साली तस्करीविरोधी करार केला तरी वाट पाहणे संपलेले नाही. त्या काळात तिचे सर्वांत जवळचे माणूस रात्रपाळीची काळजीवाहक असते. भीतीने दचकून उठणे, श्वास कोंडणे, अंगावर ब्लेड ओढणे, हे सारे बहुधा रात्रीच घडते. समुपदेशक मात्र सायंकाळी घरी गेलेली असते. जिला सर्वांत कमी मानधन, तिच्या वाट्याला सर्वांत अवघड तास, ही विभागणी मला अन्यायाची वाटते. दुसऱ्याचे दुःख रोज ऐकणाऱ्याच्या मनावरही जखमा होतात, हे मॅकॅन आणि पर्लमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1990 साली मांडले. आपल्या गृहांमध्ये कर्मचाऱ्यांना स्वतःचे मन मोकळे करण्यासाठी ठरलेला तास आजही अपवादानेच मिळतो.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून उभी राहिलेली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही वेश्याव्यवसायातील स्त्रियांची संघटना गेली अनेक वर्षे सांगत आहे की छाप्यात सापडलेली प्रत्येक प्रौढ स्त्री तस्करीची बळी नसते आणि तिच्या मर्जीविरुद्ध तिला कोंडणे म्हणजे पुनर्वसन नव्हे. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन प्रौढ स्त्रियांना गृहातून मुक्त करताना त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना ठेवता येणार नाही असा निर्वाळा दिला. 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना संरक्षणगृहांची पाहणी करण्यास सांगितले, जेणेकरून मर्जीविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांची मुदतीत सुटका व्हावी. तस्करीविरुद्ध झटणाऱ्या काही कार्यकर्त्यांना या आदेशांची भीती वाटली, कारण धाकाखाली असलेली स्त्रीही ‘मला जायचे आहे’ असेच म्हणते. ही भीती खोटी नाही. धाकाने आलेला होकार आणि मनातला होकार यांतला फरक ओळखण्यासाठी मात्र कुलूप उपयोगी पडत नाही. त्यासाठी तिच्या भाषेत बोलणारी, घाई नसलेली आणि उद्याही तिथेच असणारी बाई लागते.

1 एप्रिल 2022 पासून ‘उज्ज्वला’ आणि निराधार स्त्रियांसाठीची ‘स्वाधार गृह’ या दोन्ही योजना केंद्राच्या ‘मिशन शक्ती’खालच्या ‘शक्ती सदन’मध्ये विलीन झाल्या आहेत. पाट्या बदलल्या आहेत. कलम 17 मधला चारित्र्य आणि पूर्वेतिहासाचा उल्लेख जसाच्या तसा आहे. तरीही अनुभवी समाजसेविका नव्या मुलीशी बोलताना ते प्रश्न मागे ठेवतात. आधी तिला पाणी देतात, ती कुठे आली आहे आणि इथून पुढे काय होणार आहे ते सांगतात, आणि घरी फोन करायचा आहे का, केला तर कोणाला, हे तिलाच ठरवू देतात.