विहीर, टाकी आणि एक डास: शहरातल्या मलेरियामागची सव्वाशे वर्षं

आफ्रिकेतल्या मलेरियाच्या बातम्यांमध्ये हल्ली एका डासाचं नाव सारखं दिसतं, ॲनोफिलिस स्टिफेन्सी. ॲनोफिलिस म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या डासांचा गट, स्टिफेन्सी ही त्यातली एक जात. जिबूती हा लाल समुद्राच्या तोंडाशी असलेला इवलासा देश, तिथे 2012 साली मलेरियाचे फक्त 27 पेशंट नोंदले गेले होते, आता रोग संपलाच असं लोक म्हणायला लागले होते, आणि 2020 मध्ये तोच आकडा 73 हजारांच्या वर गेला. मधल्या काळात झालं काय, तर हा डास तिथे पोचला. तो मूळचा आफ्रिकेचा नाहीच, तो आपल्याकडचा. भारत, पाकिस्तान, इराण, अरबस्तान हा त्याचा मुलूख. आणि शहरात तो कसा जगतो, कुठे अंडी घालतो, त्याला अडवायचं कसं, यातलं बरंचसं जगाला मुंबईत कळलं. हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात 1897 पासून करावी लागते. रोनाल्ड रॉस तेव्हा सिकंदराबादला लष्करी डॉक्टर होते. जवळजवळ दोन वर्षं ते डास चिरून बघत होते पण हाताला काही लागत नव्हतं, कारण चिरत होते ते डासच चुकीच्या जातीचे होते. मग एक दिवस पंखांवर ठिपके असलेले थोडे वेगळे डास मिळाले. मलेरियाच्या पेशंटला, त्याचं नाव हुसेन खान, पैसे देऊन ते डास चावून घेतले, एका डासामागे एक आणा. 20 ऑगस्टला त्यातल्या एका डासाच्या पोटाच्या भिंतीत काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. मलेरियाचा परजीवी डासात वाढतो याचा तो पहिला पुरावा. तो ठिपक्यांच्या पंखांचा डास बहुतेक स्टिफेन्सीच असावा असं अभ्यासक मानतात. तेव्हा मात्र त्याला नावसुद्धा नव्हतं.

ते नाव मिळालं 1901 साली आणि तेही विदर्भात बसून केलेल्या कामातून. ग्लेन लिस्टन नावाचे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर एलिचपूरला होते, म्हणजे आपलं अमरावती जिल्ह्यातलं अचलपूर. तिथे त्यांनी वर्षभर ॲनोफिलिस डासांच्या सवयी टिपल्या आणि एका जातीला जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफन्स या संशोधकाचं नाव दिलं. आजही शास्त्रीय नावापुढे 'लिस्टन, 1901' असं लिहितात. जिबूती किंवा इथिओपियावरचा कुठलाही शोधनिबंध उघडला की ते दिसतं, आणि दर वेळी मला अचलपूर आठवतं.

हेच लिस्टन पुढे मुंबईत प्लेगच्या कामावर होते. 1896 च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला पेशंट ओळखला आणि त्यानंतर शहर अक्षरशः रिकामं व्हायला लागलं. लस बनवणारे शास्त्रज्ञ वाल्डेमर हाफकिन ऑक्टोबरमध्ये आले, काही महिन्यांत लस तयार केली, 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, तीच 1925 पासून हाफकिन इन्स्टिट्यूट. लिस्टननी तिथे प्लेग पसरवणाऱ्या, उंदरावरच्या पिसवांचा माग काढला. चाळीतल्या प्लेग झालेल्या घरांमध्ये गिनीपिग सोडायचे, त्यांच्या अंगावर पिसवा गोळा होऊ द्यायच्या आणि मग त्या तपासायच्या. तोवर सरकारचा सगळा रोख घाण हवा, कोंदट खोल्या यावर होता, शहर सुधारायला नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने याच समजुतीतून वस्त्या पाडून रस्ते काढले. आणि इकडे एक माणूस गिनीपिगच्या अंगावरून पिसवा वेचत होता. पुढे मलेरियातही तसंच घडलं, म्हणून प्लेगचा एवढा उल्लेख केला.

आता मुंबईचा मलेरिया. शहराला विहार तलावाचं पाणी 1860 ला मिळालं, मग 1879 ला तुळशी, 1892 ला तानसा. त्याआधी सगळा भरवसा विहिरींवर. नळ आले तरी विहिरी राहिल्या, घराच्या आत, अंगणात, देवळात, अग्यारीत. नळाचं पाणी चोवीस तास यायचं नाही म्हणून टाक्या आणि हौद वाढले. त्यातच 1904 पासून फोर्टाच्या कडेला अलेक्झांड्रा डॉकचं प्रचंड काम सुरू झालं. बाहेरगावचे हजारो मजूर आले, खणलेल्या जागी पाणी साठलं, आणि ताप फोर्टात आणि आसपास पसरला. मलेरिया म्हणजे दलदलीचा, जंगलाचा, खेड्यातला रोग, अशी तेव्हा डॉक्टरांची पण समजूत होती. मग दगडी इमारतींच्या, गॅसचे दिवे असलेल्या फोर्टात तो का?

हे शोधायचं काम डॉ. सी. ए. बेंटली यांच्याकडे आलं आणि त्यांचा अहवाल 1911 मध्ये छापून आला. त्या काळची पद्धत अशी की शाळेतल्या पोरांना रांगेत उभं करायचं, पोटाला हात लावून प्लीहा (पोटात डावीकडे असलेला अवयव, मलेरियात तो सुजतो) वाढलीय का बघायचं, रक्ताचा थेंब घ्यायचा. कुठल्या भागातल्या मुलांच्या प्लीहा जास्त वाढल्यात त्यावरून नकाशात रोगाची जागा कळते. दुसरीकडे पाणी जिथे जिथे साठतं तिथे उतरून अळ्या शोधायच्या. निघालं असं की गटारात, चिखलात, कचऱ्यात सापडणारे डास वेगळे, त्यांनी मलेरिया होत नाही. मलेरियाचा डास, म्हणजे हाच स्टिफेन्सी, विहिरीत आणि टाकीत. स्वच्छ पाण्यात. जे पाणी लोक पितात, पूजेला घेतात, त्याच पाण्यात.

मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. कारण घाण म्हणजे रोग हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की झाडू मारला, गटार साफ केलं की डासांचं काम झालं असं आजही वाटतं, आणि वरच्या टाकीकडे कोणाचं लक्षच जात नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये काही वर्षांपूर्वी दोन घरांत मलेरिया निघाला तेव्हा पालिकेचा एक कामगार आला होता. गच्चीवर टाकीला लावलेल्या लोखंडी शिडीवरून चढला, झाकण सरकवलं, टॉर्च मारला आणि लांब दांड्याच्या डिपरने, म्हणजे डावासारखीच वस्तू असते ती, कडेकडेचं पाणी अलगद उचललं. मग आम्हाला दाखवलं. तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक अळ्या, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या. म्हणाला, हे बघा, गटारातली अळी डोकं खाली करून तिरकी लटकते कारण तिला श्वासाची नळी असते, हिला ती नाही म्हणून ही आडवी पडते, आडवी दिसली की समजायचं मलेरियाची. मायक्रोस्कोप नाही काही नाही, नुसत्या नजरेने. टाकीचं झाकण एका कोपऱ्याला चार बोटं तुटलेलं होतं, बस तेवढंच. आणि पाणी इतकं नितळ की तळ दिसत होता. गरम हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात म्हणून दर आठवड्याला बघायचं, असंही त्याने सांगितलं. ही आठवड्याची मोजणी पण त्या जुन्या कामातूनच आलेली.

बेंटली यांनी उपाय सुचवला तो सरळ होता, विहिरी बुजवा नाहीतर पक्क्या झाका. पण विहीर म्हणजे नुसतं पाणी नव्हतं. पारशी लोकांना अग्यारीतल्या विधींना विहिरीचंच पाणी लागतं, हिंदूंच्या पूजेअर्चेतही विहिरीच्या पाण्याचं स्थान, त्यामुळे जोरात विरोध झाला. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर 1725 ची, ती आजही आहे आणि तिथे लोक आजही प्रार्थना करतात. शेवटी मधला मार्ग निघाला. बऱ्याच विहिरी बुजल्या, काही झाकून वर पंप बसले, आणि धर्माच्या कामाच्या विहिरींना झाकणात जाळीची छोटी दारं ठेवायला परवानगी मिळाली. मला या तडजोडीचं खरंच कौतुक वाटतं. डासाला आत जाता येणार नाही आणि माणसाला पाणी घेता येईल, एवढं साधलं की विज्ञानाचं काम होतं, श्रद्धेवर बुलडोझर फिरवायची गरज नसते.

1928 मध्ये मलेरियाचे अभ्यासक गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईची परत पाहणी केली. डास तोच. विहिरींच्या जोडीला आता टाक्या. मुंबईत टाकीला घट्ट झाकण, ओव्हरफ्लो पाइपला जाळी आणि वर चढायला शिडी, ही जी सक्ती आहे तिचं मूळ या कामात आहे. शिडी हवीच, कारण शिडी नसेल तर तपासणारा वर जाणार कसा. 1888 च्या पालिका कायद्यातल्या 381 कलमाखाली सोसायट्यांना आजही नोटिसा येतात. नोटीस आली की लोक वैतागतात, मी पण वैतागायचो, आता नाही.

मग डीडीटी हे कीटकनाशक आलं. 1946 मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतात, धारवाड आणि उत्तर कॅनरा जिल्ह्यांत, डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घरांच्या भिंतींवर फवारणी करून मलेरिया किती खाली आणता येतो ते दाखवलं. देशात तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता. 1953 ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, 1958 ला त्याचं नाव नियंत्रणावरून निर्मूलन झालं, आणि 1965 च्या सुमाराला पेशंट एक लाखाच्या आसपास आले, मृत्यू शून्य. केवढं मोठं यश होतं ते! पण त्यात एक भोक राहिलं. सगळा जोर खेड्यातल्या फवारणीवर होता, शहरं आपापली बघतील असं धरलं गेलं. शहरांनी बघितलं नाही. नळाला दिवसातून एक-दोन तास पाणी, म्हणून घरोघरी पिंपं, हौद, सिमेंटच्या टाक्या वाढतच गेल्या आणि मलेरिया शहरांतून परत बाहेर पसरायला लागला. 1971 मध्ये शहरी हिवताप योजना काढावी लागली, त्यात परत तेच, अळ्या शोधा, झाकणं लावा, गप्पी मासे सोडा. 1976 ला देशात पेशंट 64 लाखांवर गेले होते.

गोव्याचं उदाहरणही सांगायला हवं. तिथे मलेरिया जवळपास नव्हताच म्हणता येईल, पण 1980 च्या दशकात बांधकामं वाढली आणि पणजीत साथ आली. स्लॅबवर क्युरिंगसाठी, म्हणजे सिमेंट पक्कं व्हायला साठवलेलं पाणी, बांधकामावरची टाकी, दूरच्या राज्यातून आलेला आणि रक्तात परजीवी घेऊन आलेला मजूर, सगळं एकाच जागी. त्याच्या ऐंशी वर्षं आधीचं अलेक्झांड्रा डॉकच ते, आकार फक्त लहान. तिथल्या संशोधकांनी 90 च्या दशकात पाण्यात अळ्या मारणारे जिवाणू आणि स्थानिक अळीखाऊ मासे यांचे प्रयोग केले आणि ते चालतात हे दाखवलं. मजुरांची रक्ततपासणी करून हेल्थ कार्ड द्यायची पद्धतही गोव्यात आली. यात मजुराला दोष द्यायचा नाही हे आवर्जून सांगतो. तो आजारी असतो, उपचार त्याला मिळायला पाहिजेत, आणि पाणी झाकायची जबाबदारी बांधणाऱ्याची.

मुंबईत 2010 ला परत उसळी आली, वर्षात 76 हजारांवर पेशंट. त्यानंतर पालिकेने बांधकामं आणि टाक्यांवर जोर दिला आणि आकडे पुष्कळ खाली आले.

आता परत आफ्रिकेकडे. तिथला जुना डास गॅम्बी, तो उन्हातल्या डबक्यात, शेतातल्या पाण्यात वाढतो, रात्री घरात चावतो. म्हणून तिथली सगळी लढाई मच्छरदाणी आणि घरातली फवारणी यावर उभी राहिली आणि तिने लाखो जीव वाचवले. शहरं त्यातल्या त्यात सुरक्षित मानली जायची. स्टिफेन्सीला मात्र शहरच आवडतं. 2016 मध्ये इथिओपियात सापडला, त्याच वर्षअखेरीस श्रीलंकेत मन्नारला, तेही श्रीलंका मलेरियामुक्त जाहीर झाल्यावर काही महिन्यांतच, मग सुदान, सोमालिया, 2020 ला नायजेरिया, 2022 ला केनिया. तो असाच पसरत गेला तर आफ्रिकी शहरांतल्या 12 कोटी 60 लाखांहून जास्त लोकांना धोका आहे असं 2020 मधल्या एका अभ्यासात नकाशे मांडून दाखवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये त्याच्यासाठी वेगळी मोहीम काढली.

त्याच 2022 मध्ये इथिओपियाच्या दिरे दावा शहरात कोरड्या ऋतूत, म्हणजे एरवी मलेरिया नसतो अशा दिवसांत साथ आली, पेशंट तीन वर्षांपूर्वीच्या त्याच महिन्यांपेक्षा दहा पटीहून जास्त. विद्यापीठाच्या होस्टेलमधली मुलंही त्यात होती. इथिओपियाच्या संशोधकांनी पेशंटच्या घरांभोवती शोध घेतला. पूर्ण वाढलेला, उडणारा डास पकडायचे नेहमीचे सापळे या जातीला फारसे लागू पडत नाहीत हे तोवर लक्षात आलं होतं, मग ते डिपर घेऊन घरोघरी फिरले, पिंपं उघडली, सिमेंटचे हौद बघितले, बांधकामावरच्या टाक्यांत वाकून पाहिलं. आणि अळ्या तिथे होत्या, नितळ पाण्यात, आडव्या पडलेल्या.