उपग्रह कधी कोसळणार? : अंदाजांची पार्श्वभूमी

स्पुटनिक-१ हा पहिला कृत्रिम उपग्रह ४ ऑक्टोबर १९५७ रोजी कक्षेत गेला आणि बरोबर तीन महिन्यांनी, ४ जानेवारी १९५८ रोजी, वातावरणात शिरून जळाला. दर फेरीत पृथ्वीच्या जवळ येताना तो अतिविरळ हवेला घासत होता आणि त्याची कक्षा आकसत होती. गंमत अशी, की हवेच्या अडथळ्याने उपग्रह मंदावत नाही. तो खाली उतरतो आणि तिथे अधिक वेगाने फिरू लागतो, त्यामुळे त्याच्या फेरीचा काळ घटतो. हीच घट मोजून ब्रिटनमध्ये फार्नबरो येथील शास्त्रज्ञ डेस्मंड किंग-हील यांनी त्या उंचीवरील हवेची घनता काढली, तर अमेरिकेत लुईजी याकिया यांनी ही घनता सूर्याच्या चढउतारांबरोबर बदलते, हे दाखवले. सूर्य तापट असला की वरचे वातावरण फुगते आणि जुन्या उपग्रहांचे आयुष्य घटते. भाकिताची खरी अडचण तेव्हापासून इथेच आहे, कक्षेच्या गणितात नव्हे.

सुमारे ७७ टनांच्या स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाने ही अडचण जगासमोर आणली. १९७४ मध्ये शेवटचे अंतराळवीर परतल्यावर हे स्थानक १९८०च्या दशकापर्यंत टिकेल आणि स्पेस शटल त्याला वर ढकलेल, असा नासाचा हिशेब होता. सौरचक्र, म्हणजे सूर्याच्या चढउतारांचे चक्र, अपेक्षेपेक्षा जोरदार निघाले आणि शटलही वेळेत तयार झाले नाही. ११ जुलै १९७९ रोजी, शेवटच्या तासांत, अमेरिकेची भूमी टळावी म्हणून स्थानकाला मुद्दाम कोलांट्या खायला लावण्यात आल्या; पण ते अंदाजापेक्षा उशिरा फुटले आणि त्याचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्सच्या परिसरात पडले. त्याआधी दीडच वर्षापूर्वी अणुभट्टी असलेला सोव्हिएत कॉसमॉस-९५४ कॅनडाच्या उत्तरेत कोसळला होता, त्यामुळे कुतूहलाची जागा आधीच धास्तीने घेतली होती.

आजही उरलेल्या काळाच्या सुमारे २० टक्के इतकी चूक धरूनच चालावे लागते. पाच तास उरले असतील, तर एक तास इकडेतिकडे. आणि तासाभरात उपग्रह पृथ्वीच्या निम्म्याहून अधिक घेराएवढे अंतर कापतो. म्हणूनच दिवस सांगता येतो, देश मात्र शेवटपर्यंत सांगता येत नाही. युरोपच्या ईआरएस-२ या उपग्रहाची कक्षा २०११ मध्ये मुद्दाम खाली आणून तो १५ वर्षांच्या आत पडेल असे ठरवले होते. तो २१ फेब्रुवारी २०२४ रोजी उत्तर प्रशांत महासागरावर वातावरणात शिरला.