‘कष्टाळू व मनमिळाऊ’ या दोन शब्दांमागचे आयुष्य

वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्तीत निधनवार्तांचा एक स्तंभ असतो आणि त्यात अधूनमधून शेतकरी घरातील एखाद्या नव्वदीच्या बाईची नोंद येते. नावाआधी ‘गं. भा.’ किंवा ‘श्रीमती’, मग ‘वृद्धापकाळाने निधन’, मग ‘त्या कष्टाळू, मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या होत्या’ आणि शेवटी मुले, मुली, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा परिवार. एखादा मुलगा सोसायटीचा चेअरमन किंवा शिक्षक असेल, तर ‘यांच्या त्या मातोश्री होत’ हे वाक्यही जोडले जाते. मजकूर लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हाती याहून अधिक काही येत नाही, कारण या बाईच्या आयुष्याने कागदावर फारच थोडे मागे ठेवलेले असते. ते का, याचा माग महाराष्ट्रातील शेती, जमिनीचे कायदे आणि घरातील चालीरीती यांच्या गेल्या नव्वद वर्षांत काढावा लागतो.

सुरुवात जन्मापासूनच करायला हवी. आज नव्वदीत जाणाऱ्या बाईचा जन्म साधारण १९३५च्या आसपासचा. त्या काळी ब्रिटिश मुलखातील खेड्यांत जन्म-मृत्यूची नोंद कोतवालाच्या बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये होई. परंतु ती बारशाची वाट पाहत थांबत नसे, त्यामुळे बहुधा बापाचे नाव, जात आणि ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले सापडते. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधासाठी ही जीर्ण बुके तहसील कचेऱ्यांतून पुन्हा बाहेर आली, तेव्हा अनेकांना आपल्या आजीचा जन्म असा बिननावाने सापडला असेल. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९चा. तो येईपर्यंत या बायकांची स्वतःची मुले शाळेत जाऊ लागली होती. शाळेत घातलेल्या मुलांना मास्तरांनी निदान १ जून ही जन्मतारीख तरी दिली आणि महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस त्या दिवशी येऊ लागला. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या मुलीच्या वाट्याला तेवढेही आले नाही. १९५१च्या जनगणनेत देशातील स्त्रियांची साक्षरता नऊ टक्क्यांच्याही आत होती. म्हणून आजीचे वय घरात मोठ्या घटनांवरून ठरते. रझाकारांच्या धामधुमीत ती अंगाखांद्यावर खेळवण्याएवढी होती की लग्नाला आली होती, गांधीवधानंतरच्या जाळपोळीचे तिला काय आठवते, १९६७च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कोणते मूल मांडीवर होते, असे विचारत विचारत घरचे लोक एका आकड्याशी येतात आणि तोच आधार कार्डावर जातो.

लग्नाचे वयही असेच अंदाजाने सांगावे लागते. मुलीसाठी चौदा वर्षांची किमान मर्यादा घालणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला होता आणि १९४९मध्ये ही मर्यादा पंधरा झाली. खेड्यात मात्र त्याची आठवण कोणी ठेवत नसे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि त्या दिवसापासून माहेरचे नाव फक्त माहेरच्यांच्या तोंडी उरे. संशोधनाच्या दृष्टीने ही साधी वाटणारी रीत सर्वांत मोठी अडचण ठरते, कारण एकाच बाईच्या आयुष्याचे दोन भाग दोन वेगवेगळ्या नावांखाली पडून राहतात आणि दोन्ही नावांना जोडणारा कागद कुठेच नसतो. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, तिला हाक मारताना ‘अमक्याची आई’ म्हणायचे, ही सवय तर देशभर होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता कोणाची तरी बायको किंवा आई अशीच ओळख दिली, तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्यांची नावे यादीतून वगळली. त्यांतील बहुतेक उत्तरेकडील राज्यांतल्या होत्या हे खरे, पण सवय ओळखीची आहे.

कागदावर नसलेले हे आयुष्य ज्या कामात गेले, त्या कामाला मात्र दिवसाच्या प्रत्येक प्रहराचे नाव होते. पहाटे जाते, मग शेणघाण, सडासारवण, आडावरून किंवा नदीवरून पाणी, चूल, भाकऱ्या, आणि न्याहारीची पाटी डोक्यावर घेऊन शेताची वाट. पेरणीत पाभरीमागे मोघ्यातून बी सोडणे, नंतर खुरपणी, निंदणी, वेचणी, कापणीत पेंढ्या बांधणे, खळ्यावर उफणणी. नांगर, मोट आणि बाजार ही पुरुषाची कामे मानली गेली आणि ‘शेती करणारा’ हा शब्दही त्याच्याकडेच गेला. दळणाचे काम एकटीने होत नसे. दोघी जणी समोरासमोर बसून खुंटा ओढत आणि मोठ्या घराचे पीठ निघायला चांगले दोन तास लागत. या दोन तासांतच ओवी जन्मली. भाऊ, माहेरची वाट, सासूचा जाच, पंढरीचा विठ्ठल, मेलेले मूल, हे सारे ओवीत आले, कारण दुसरीकडे बोलायला जागा नव्हती. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. शेतकरी बाईने स्वतःविषयी स्वतः सांगितलेले एवढे मोठे दुसरे भांडार मराठीत नाही. डिझेलवरची आणि नंतर विजेवरची पिठाची गिरणी गावात आली, तशी पहाटेची झोप वाढली आणि ओवी थांबली. गिरणीबद्दल हळहळ व्यक्त करणारे बहुधा जात्यावर कधी बसलेले नसतात, हेही येथे नोंदवून ठेवतो.

ओवी टिकण्यासाठी लिहिणारा कोणीतरी जवळ असावा लागतो, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण खानदेशातील आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या लेकीचे, बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे आयुष्य अशाच शेतकरी बाईचे होते: लहानपणी लग्न, ऐन तिशीत वैधव्य, तीन मुले आणि शेत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता आणि घरातल्यांनी त्यांची काही गाणी उतरवून घेतली होती, म्हणून ती वाचली आणि त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. बाकीच्या घरांत गाणी होती, टिपणारा नव्हता.

बियाण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण घरातील थोरल्या बाईचा शब्द नेमका कुठे चालत असे हे तीत दिसते. खळ्यावरची निवडक कणसे बाजूला काढणे, दाणे वाळवणे, राख किंवा कडुलिंबाचा पाला घालून ते मडक्यात किंवा कणगीत लिंपून ठेवणे, आणि पुढच्या मृगापर्यंत कितीही ओढ लागली तरी त्याला हात लागू न देणे, हे तिचे काम होते. टंचाईच्या वर्षी बियाण्याच्या कणगीला राखण करणे म्हणजे रडणाऱ्या मुलांसमोर नाही म्हणणे. हा कठोरपणा पुढच्या पिढ्यांनी ‘आजी फार कडक होती’ एवढ्याच शब्दांत लक्षात ठेवला. १९६४मध्ये ज्वारीचा सीएसएच-१ हा संकरित वाण आला, वसंतराव नाईक यांच्या सरकारने संकरित बियाण्यांचा हिरिरीने प्रसार केला आणि उत्पादन वाढले. पण संकरित वाणाचे बी घरी राखून उपयोग नसतो, ते दर वर्षी विकत आणावे लागते. दुकानात जाणारा पुरुष असल्याने वाण निवडण्याचा निर्णयही त्याच्याबरोबर गेला. ‘हायब्रीड’ची भाकरी चवीला कमी आणि ज्वारीचे ताट बुटके असल्याने कडबाही कमी, ही तक्रार चुलीपाशी व गोठ्यात उभ्या राहणाऱ्या बाईनेच आधी केली. अन्नटंचाईच्या त्या वर्षांत ती ऐकून घ्यायला फारशी सवड कोणाला नव्हती आणि ते समजण्यासारखेही आहे.

मग १९७२ आले. त्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडायला, पाझर तलावांवर आणि रस्त्यांवर माती वाहायला बायका मोठ्या संख्येने गेल्या; ज्या घरांतील सुना कधी दुसऱ्याच्या बांधावर रोजाने गेल्या नव्हत्या, त्याही गेल्या. दुष्काळात वाटल्या गेलेल्या सुकडीची चव त्या पिढीच्या जिभेवर आजही आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. या योजनेत कामाच्या मोजमापावर दाम ठरत असल्याने पुरुष आणि स्त्री यांचा दर एकच होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आणखी वेगळी आहे. अनेक बायकांचे नाव सरकारी कागदावर मजूर म्हणून प्रथम चढले ते या हजेरीपटावर आणि त्यापुढे उठलेला अंगठा तिचा स्वतःचा होता. घरच्या शेतात तीस वर्षे राबून जी ओळख मिळाली नाही, ती दुष्काळी कामाच्या मस्टरने दिली.

जमिनीच्या कागदांत ती कुठे होती, याचे उत्तर सातबाऱ्यावर शोधावे लागते. १९३७च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यावर हक्क दिला, परंतु तो हयातीपुरता. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला मिळालेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालक ठरली. कायदा असा पुढे गेला तरी तलाठ्याचे दप्तर आपल्या गतीने चालत राहिले. नवरा वारला की थोरल्या मुलाचे नाव ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून कब्जेदार सदरी लागे आणि आईचे, बहिणींचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात जाई; ज्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि विहिरीतील पाण्याचा हिस्सा लिहितात, त्याच रकान्यात. घरात किल्ल्या तिच्या कमरेला असत, पेरणी-सोयरिकीला तिचा शब्द अखेरचा असे, आणि उताऱ्यावर मात्र ती ‘इतर’ असे. बहिणींकडून पुढे हक्कसोडपत्रही होई, बहुधा साडीचोळी देऊन, आणि माहेर तुटू नये म्हणून त्या सही करीत. हक्कसोड करण्याचा आग्रह धरणारी पुष्कळदा हीच थोरली बाई असे, हे सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होणार नाही.

या प्रश्नाला गावपातळीवर तोंड फोडले ते शेतकरी संघटनेने. नोव्हेंबर १९८६मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, त्यासाठी प्रचंड संख्येने बायका आल्या, आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ हा कार्यक्रम निघाला: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे करावा. १९९२मध्ये राज्य शासनाने याच नावाने परिपत्रक काढून पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. १९९४मध्ये महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केले आणि मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क देणारी दुरुस्तीही केली, पण तीत आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. तो भेद २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने गेला. आपल्या नव्वदीच्या बाईला यांतले जवळजवळ काहीच उपयोगी पडले नाही, कारण ती तोवर सत्तरीला आली होती आणि वाटण्या होऊन गेल्या होत्या. देशातील शेतजमिनीचे धारक मोजणाऱ्या २०१५-१६च्या कृषी गणनेत स्त्रिया सुमारे १४ टक्केच भरल्या.

जनगणनेचे थोडक्यात सांगतो. १९७१च्या शिरगणतीत ‘मुख्य काम कोणते’ असा प्रश्न आला, बायकांच्या वतीने घरातल्या पुरुषाने ‘घरकाम’ सांगितले आणि कामकरी स्त्रियांचे प्रमाण १९६१च्या तुलनेत एकदम कोसळलेले दिसले. शेतातले काम तेवढेच होते. १९९१मध्ये प्रश्नातच ‘घरच्या शेतावरील बिनमोल काम’ हे शब्द घालावे लागले.

‘मनमिळाऊ’ या शब्दाबद्दलही थोडे बोलायला हवे. एकत्र कुटुंबातील थोरल्या बाईची सत्ता तिने सोसलेल्या वर्षांवर उभी असे आणि ती सत्ता सुनांवर चाले. तेराव्या वर्षी जिला सासूने उपाशी ठेवले, तिने पुढे आपल्या सुनेला दुधाचा थेंब मोजून दिला, अशी घरे कमी नव्हती. आणि ‘मला झाले ते हिला नको’ म्हणून नातीला शाळेत धाडणारी, त्यासाठी शेळी विकणारी आजीही त्याच गावात होती. कधी कधी या दोघी एकच बाई असत. निधनवार्तेत यांपैकी कशालाही जागा नसते. शिवाय तिच्या बालपणी, १९४०च्या दशकात, देशातील सरासरी आयुर्मान अवघे सुमारे ३२ वर्षांचे होते. बाळंतपणे, देवी, पटकी, हिवताप यांतून निभावून नव्वदी गाठलेल्या बाईने आपल्या बरोबरीच्या बहुतेक जणींना आणि पोटच्या एक-दोन लेकरांना पोचवलेले असते, आणि ‘पश्चात’ या शब्दापुढची यादी फक्त उरलेल्यांची असते.

दहावा-तेरावा उरकला की मुले मृत्यूचा दाखला घेऊन वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे जातात. दाखल्यावर आधारवरचे नाव असते, इतर हक्काच्या रकान्यात घरात हाक मारायचे नाव असते आणि माहेरच्या जुन्या फेरफारात तिसरेच. मग एक प्रतिज्ञापत्र लिहिले जाते. त्यात तिची तिन्ही नावे ‘ऊर्फ’ घालून एका ओळीत येतात आणि खाली लिहिलेले असते की, ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत.