सेलेस्टियल मूव्हीज: शॉ बंधूंच्या कोठारातून निघालेली चित्रपटवाहिनी

२००० साली हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीनं आपल्या ७६० चित्रपटांचा संग्रह मलेशियातल्या एका उद्योगसमूहाला विकला. त्या व्यवहारातून सेलेस्टियल पिक्चर्स ही कंपनी उभी राहिली आणि २००३ मध्ये तिनं चोवीस तास चिनी चित्रपट दाखवणारी सेलेस्टियल मूव्हीज ही पैसे भरून पाहायची वाहिनी सुरू केली. वाहिनीचा जन्म सांगायला एवढं पुरे. पण हे चित्रपट काढले कुणी, ते इतकी वर्षं कुलपात का राहिले आणि त्यांची गरज कुणाला पडली, हे कळल्याशिवाय त्या वाहिनीचं मोल कळत नाही.

शॉ हे चीनमधल्या निंगबोकडचं घराणं. थोरल्या भावानं, रुंजे शॉ यानं, १९२५ मध्ये शांघायला थ्येनयी ही चित्रपटसंस्था काढली. चित्रपट बनवले तरी ते लावायला थिएटरं हवीत, म्हणून धाकट्या भावांपैकी रुन्मे शॉ सिंगापूरला गेला आणि सर्वांत धाकटा रन रन शॉ त्याच्या मागोमाग. सिंगापूर आणि मलायात त्यांनी थिएटरांचं जाळंच विणलं. तिथला प्रेक्षक फक्त चिनी नव्हता, त्यामुळे त्यांनी मलय भाषेतही चित्रपट काढले आणि त्यासाठी दिग्दर्शक आणले ते भारतातून. बी. एस. राजहंस हे त्यातलं सुरुवातीचं नाव. ‘स्ट्रीट सिंगर’ करणारे फणी मजुमदार यांनी शॉ बंधूंसाठी १९५६ साली ‘हांग तुआह’ दिग्दर्शित केला. हिंदी सिनेमावर प्रेम करणाऱ्यांनाही हा धागा फारसा ठाऊक नसतो, आणि तो ठाऊक असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

१९५७ मध्ये रन रन शॉ हाँगकाँगला आला. क्लिअरवॉटर बे इथल्या टेकडीवर त्यानं मूव्हीटाऊन हा स्टुडिओ उभारला. १९६१ मध्ये तो सुरू झाला. कराराने बांधलेले नट, तंत्रज्ञ तिथल्याच वसतिगृहांत राहत. एका सेटवर आज एका चित्रपटाचं शूटिंग, तर थोडाफार फेरफार करून उद्या दुसऱ्याचं. चित्रपट बहुतेक मँडरिन या चिनी प्रमाणभाषेत निघत, जरी हाँगकाँगची रोजची बोली कँटनीज असली तरी. कारण उघड होतं. तैवान आणि आग्नेय आशिया ही मोठी बाजारपेठ होती आणि तिथं मँडरिन चालत असे. ली हान-श्यांगचा ‘लव्ह इटर्न’ (१९६३) हा गाण्यांनी भरलेला चित्रपट तैवानमध्ये प्रचंड गाजला. १९६६ मध्ये किंग हूचा ‘कम ड्रिंक विथ मी’ आला, त्यात तलवार बाईच्या हातात होती. पुढच्याच वर्षी चांग चेहचा ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’ आला आणि तलवारबाजीच्या चित्रपटांची लाटच उसळली. कँटनीज चित्रपट मात्र जवळजवळ बंद पडत चालले होते. त्यांना पुन्हा उभारी दिली तीही शॉ यांच्याच ‘हाऊस ऑफ ७२ टेनंट्स’ (१९७३) या चित्रपटानं.

१९७० मध्ये शॉ यांच्याकडचा रेमंड चाऊ बाहेर पडला आणि त्यानं गोल्डन हार्वेस्ट काढली. ब्रूस ली तिकडे गेला. रन रन शॉ टीव्हीबी या दूरचित्रवाणी कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होता, १९८० मध्ये तो तिचा अध्यक्ष झाला आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर शॉ ब्रदर्सनं चित्रपटनिर्मिती थांबवली. यानंतर जे घडलं ते या साऱ्या गोष्टीचा गाभा आहे. व्हिडिओ कॅसेट घरोघर पोहोचल्या, पण शॉ यांचे बहुतांश चित्रपट त्यांच्यावर आलेच नाहीत. निगेटिव्ह कोठारात पडून राहिली. पश्चिमेत लोकांनी ते पाहिले ते कडा कापलेल्या, इंग्रजीत डब केलेल्या, रंग उडालेल्या प्रतींत. रुंद पडद्यासाठी रचलेली चौकट टीव्हीच्या चौकोनात बसवताना द्वंद्वातला एक योद्धा बाहेरच राही.

दरम्यान आशियाच्या आकाशात उपग्रह वाहिन्या आल्या होत्या. १९९१ मध्ये हाँगकाँगहून सुरू झालेली स्टार आपल्याकडे छतांवरच्या छत्र्यांतून आली, ते अनेकांना आठवत असेल. १९९३ मध्ये माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉक यांनी तिचा मोठा हिस्सा घेतला. स्टारनं पुढच्या वर्षी स्वतःची चिनी चित्रपटवाहिनी सुरू केली आणि गोल्डन हार्वेस्टच्या चित्रपटांचा मोठा साठाही पुढे तिच्या हाती आला. मलेशियात, पुढे शॉ यांचा संग्रह घेणाऱ्या उद्योगसमूहाचे मालक आनंद कृष्णन यांनी १९९६ मध्ये मीसॅट उपग्रह सोडला आणि अ‍ॅस्ट्रो ही पैसे भरून पाहायची दूरचित्रवाणी सेवा सुरू केली. हेच कृष्णन पुढे भारतात एअरसेलचे मालक म्हणून ओळखले गेले. अ‍ॅस्ट्रोच्या ग्राहकांत चिनी भाषिक मोठ्या संख्येनं होते. दर महिन्याला पैसे मोजणाऱ्या घराला सतत नवं काही द्यावं लागतं, आणि चित्रपटांचे हक्क दरवेळी भाड्यानं घेत बसणं परवडत नाही. आख्खं कोठारच विकत घेणं हा व्यापारी हिशेब होता. त्या हिशेबानं जे साधलं ते मला कोणत्याही उदात्त हेतूपेक्षा कमी वाटत नाही.

कारण चित्रपट नुसते घेऊन दाखवता येण्याजोगे नव्हते. ओरखडे, धूळ, फिकट पडलेले रंग. एकेक चित्रपट डिजिटल पद्धतीनं साफ करावा लागला. २००२ च्या अखेरीस पहिल्या डीव्हीडी बाजारात आल्या आणि लोकांनी हे चित्रपट अनेक वर्षांनी पूर्ण रुंदीत, मूळ भाषेत पाहिले. काही चित्रपटांना नव्यानं आवाज जोडल्याबद्दल रसिकांनी तक्रारही केली, आणि ती रास्त होती. तलवारीचा मूळ खणखणाट हा त्या चित्रपटांचा भागच होता.

वाहिनी मात्र जुन्यांवरच विसंबली नाही. सेलेस्टियल मूव्हीजवर नवे हाँगकाँगी आणि चिनी चित्रपट प्राधान्यानं लागू लागले. जुन्या चित्रपटांसाठी पुढे सेलेस्टियल क्लासिक मूव्हीज ही स्वतंत्र वाहिनी आली. काळ कठीण होता. नव्वदीच्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये वर्षाला दोनशेच्या घरात चित्रपट निघत, ते २००० नंतर झपाट्यानं कमी झाले. २००३ मध्ये सार्सच्या साथीनं थिएटरं ओस पडली. त्याच वर्षी चीन आणि हाँगकाँग यांच्यात व्यापारी करार झाला, त्यानंतर संयुक्त निर्मितीचे चित्रपट वाढत गेले. वाहिनीला नवा माल मिळाला तो या बदलातूनच.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या लायन्सगेट आणि सबान कॅपिटल या कंपन्यांशी सेलेस्टियल पिक्चर्सनं केलेल्या भागीदारीतून सेलेस्टियल टायगर एंटरटेनमेंट स्थापन झाली आणि वाहिन्यांचा कारभार तिच्याकडे गेला. ७६० चित्रपटांचा संग्रह सेलेस्टियल पिक्चर्सकडेच राहिला. रन रन शॉ २०१४ मध्ये १०६ व्या वर्षी गेला, आनंद कृष्णन २०२४ मध्ये. गेल्या काही वर्षांत या चित्रपटांचे ब्लू-रे संच युरोप-अमेरिकेतून निघत आहेत.