डिक्स हिल्समधला तंबोरा

अमेरिकन जॅझवादक अ‍ॅलिस कोल्ट्रेनच्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’ या अल्बममध्ये ‘स्टॉपओव्हर बॉम्बे’ नावाची एक छोटी रचना आहे, जेमतेम तीन मिनिटांची. तिच्यात मुंबई शोधू नये. ती मुद्रित झाली नोव्हेंबर १९७० मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, डिक्स हिल्समधल्या त्यांच्या घरच्याच स्टुडिओत. आणि बाई भारत-श्रीलंकेच्या पाच आठवड्यांच्या दौऱ्यावर निघणार होत्या डिसेंबरात. म्हणजे ही मुंबई अजून वाटेवरचीच आहे. हा प्रवास सुरू कुठून झाला, हे कळायला तीन वर्षं मागे जावं लागतं.

१७ जुलै १९६७ रोजी अ‍ॅलिसचे पती, जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यकृताच्या कर्करोगानं गेले. वय चाळीस. अ‍ॅलिस तेव्हा एकोणतीस वर्षांच्या, आणि पदरात चार लहान मुलं. डेट्रॉइटच्या चर्चमध्ये वाजवत वाढलेली ही पियानोवादक १९६६ पासून नवऱ्याच्या चमूत होती, त्यामुळे संसार आणि संगत दोन्ही एकाच दिवशी तुटली. झोप उडाली, वजन झपाट्यानं उतरलं, भास होऊ लागले. डिक्स हिल्सच्या त्या घरात जॉननी मागवलेली हार्प, म्हणजे उभं, मोठं तंतुवाद्य, येऊन पोचली तीही त्यांच्या पश्चात. ती वाजवायची कशी, हे अ‍ॅलिसनी बरंचसं स्वतःच शोधून काढलं.

पहिलं फळ ‘अ मोनॅस्टिक ट्रिओ’, १९६८ मधलं, घरच्याच स्टुडिओत केलेलं. तबकडीच्या एका बाजूला पियानो, दुसरीला हार्प. त्यातल्या एका रचनेचं नावच ‘आय वाँट टु सी यू’ आहे. यापुढे वेगळं काही सांगायला नको. माझ्या मते ते ताजं, अजून ओलं असलेलं दुःख आहे. ‘जर्नी’ ऐकताना मात्र कुणी रडत असल्याचं जाणवतच नाही.

मधल्या काळात अ‍ॅलिस स्वामी सच्चिदानंदांकडे जाऊ लागल्या होत्या. ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांचे हे शिष्य, १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या आरंभी व्यासपीठावरून बोलले ते हेच. त्या काळच्या अमेरिकेत भारतीय गुरू ही फॅशनही होती, हे खरं. पण या घरात भारत त्या लाटेबरोबर आला नव्हता. जॉननी १९६१ मध्येच ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली होती, आणि १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव पंडित रविशंकरांवरून रवी ठेवलं होतं.

अल्बमच्या सुरुवातीला तुलसी या वादिकेचा तंबोरा झंकारू लागतो. त्यावर सेसिल मॅकबी बास या खर्जातल्या तंतुवाद्यावर एकच चाल पुन्हा पुन्हा फिरवत राहतात आणि मग हार्पच्या तारांवरून हात सरसर फिरतो. आपल्या कानाला तिथे स्वरमंडळ आठवतं. राग वगैरे काही नाही. पण खाली आधार सतत वाजता राहिला की वर किती मोकळं फिरता येतं, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. सुरावटींची धावपळ थांबते ती त्यामुळे.

साथीला कोण, तेही पाहण्यासारखं आहे. फॅरो सँडर्स आणि ड्रमवरचे रशीद अली हे दोघे जॉनच्या शेवटच्या चमूतले. त्या चमूत सँडर्स सॅक्सोफोनमधून अक्षरशः किंकाळ्या काढत. इथे ते सोप्रानो सॅक्सोफोन जपून, लांब श्वासानं वाजवतात. आधुनिक जॅझमध्ये त्या वाद्याला पुन्हा मानाची जागा मिळवून दिली होती ती जॉननीच. म्हणजे त्यांचं घर, त्यांचं वाद्य, त्यांचे सोबती, आणि ते स्वतः नाहीत. ‘समथिंग अबाउट जॉन कोल्ट्रेन’ या रचनेत अ‍ॅलिस हार्प बाजूला ठेवून पियानोवर बसतात, जॉनच्या शेजारी ज्यावर वाजवलं त्याच वाद्याशी.

शेवटची रचना तेवढी घराबाहेरची. ‘आयसिस अँड ओसायरिस’ ४ जुलै १९७० रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट क्लबमध्ये श्रोत्यांसमोर वाजली. बासवर चार्ली हेडन, आणि व्हिष्णू वूड यांचं ऊद हे अरबी तंतुवाद्य. म्हणजे बाकीच्या रचनांच्या चार महिने आधी; तरी अल्बममध्ये तिला जागा मिळाली ती अखेरीस. इजिप्तच्या पुराणकथेत ओसायरिसचा वध होतो, देहाचे तुकडे दूरदूर विखुरतात, आणि त्याची बायको आयसिस ते एकेक करून शोधत, जमवत फिरते.